मामांचा लॅपटॉप, दोन पेनड्राईव्ह आणि फॉरमॅट न करता परत आलेली विंडोज

गेल्या पावसाळ्यात मामांचा फोन आला, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या मामांच्या गावावरून. लॅपटॉपवर अपडेट चालू होतं, मधेच लाईट गेली, आणि त्या लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली, तो फक्त चार्जरवरच चालतो. लाईट आल्यावर बघितलं तर निळी स्क्रीन, ‘ऑटोमॅटिक रिपेअर’, रिस्टार्ट, परत तेच. मामा म्हणाले, "आते काय करानं रे भाऊ? मन्हा तीन वरीसना कापूसना हिशोब त्यामां शे." तालुक्याच्या एका दुकानात दाखवला तर त्यांनी न उघडताच सांगितलं की फॉरमॅट मारावं लागेल, डेटा जाईल. हे ऐकून मला खरंच राग आला, कारण विंडोज चालू होत नाही म्हणजे डेटा गेला असं नसतं. फाईली बहुतेक वेळा डिस्कवर जशाच्या तशा असतात, फक्त तिथपर्यंत जायचा दरवाजा बंद असतो.

म्हणून मामांना सांगितलं, कोणालाही हात लावू देऊ नका, मी रविवारी येतो. जळगावला माझ्या लॅपटॉपवर दोन पेनड्राईव्ह बनवले. एकावर रूफस नावाच्या सॉफ्टवेअरने लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजसारखीच एक वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम, दुसऱ्यावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोज 10. विंडोजवाला कमीत कमी 8 जीबीचा लागतो, आणि दोन्हींवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, त्यामुळे लग्नाचे फोटो असलेला पेनड्राईव्ह घेऊ नका, प्लीज. सोबत एक रिकामी हार्डडिस्क घेतली आणि सकाळची सुरत लाईनची गाडी पकडली.

आधी मिंट. चालू करताना बूट मेनूचं, म्हणजे लॅपटॉप कशावरून चालू करायचा ते निवडायचं बटण दाबायचं, कंपनीप्रमाणे एफ 12, एफ 9 किंवा एस्केप असं काहीही असतं, मामांच्याला एफ 12 होतं. मिंट इन्स्टॉल करायचं नाही, पेनड्राईव्हवरूनच चालवायचं, डिस्कला धक्का लागत नाही. विंडोज नीट बंद झालेली नसल्यामुळे तिचं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं उघडलं, पण आपल्याला कॉपीच करायची होती ना. कापूस, बियाणं, मजुरी, सगळ्या एक्सेल शीट, शिवाय आजीचे फोटो. हार्डडिस्कवर गेलेली एक शीट उघडून दाखवली तेव्हा मामा खुर्चीत टेकून बसले, तोपर्यंत उभेच होते.

इथे एक गोष्ट, लॅपटॉपला बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारं विंडोजचं फीचर, लागलेलं असेल तर 48 अंकी रिकव्हरी की लागते, नाहीतर मिंटमधून फाईली उघडत नाहीत. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये हे आपोआप चालू झालेलं असतं आणि की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. ती आजच बघून वहीत लिहून ठेवा. मामांच्याला बिटलॉकर नव्हतं.

मग विंडोजचा पेनड्राईव्ह. त्यात ‘इन्स्टॉल नाऊ’ मोठ्ठं दिसतं, पण खाली कोपऱ्यात ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ असतं, ते घ्यायचं. स्टार्टअप रिपेअरने काही झालं नाही. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या काळ्या खिडकीत, डिस्कपार्ट या कमांडने आधी विंडोज कोणत्या ड्राईव्हवर दिसते ते बघितलं, कारण तिथे अक्षरं बदलतात, नेहमीची सी तिथे डी झाली होती. हे न बघता कमांड मारत बसलो तर तासभर चुकीच्या जागीच खटपट चालते. डीवर चेकडिस्क, म्हणजे डिस्कवरच्या चुका तपासणारी कमांड, चालवली, मग डीआयएसएम या विंडोज दुरुस्तीच्या टूलची ‘रिव्हर्ट पेंडिंग ॲक्शन्स’वाली कमांड दिली. अर्धवट लटकलेलं अपडेट ती मागे घेते, आणि इथे अडकलं होतं ते तेच. रिस्टार्टला बराच वेळ लागला, मधे मामींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, पण माझं लक्ष सगळं चार्जरच्या वायरकडे, लाईट परत जाऊ नये म्हणून. दुपारी दोनच्या सुमारास लॉगिन स्क्रीन आली, डेस्कटॉपवरचे आयकॉनसुद्धा जागच्या जागी.

अपडेट रात्री लाईट स्थिर असते तेव्हाच करायचं असं ठरलं, आणि पहिल्या पगारात नवी बॅटरी मी घेऊन देणार आहे. विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपलाय, त्यामुळे पुढे काय बसवायचं ते दिवाळीत बसून बघू. दोन्ही पेनड्राईव्ह मामांच्या कपाटात ठेवून आलो, सातबाऱ्याच्या फाईलशेजारी, आणि एकावर कागद चिकटवलाय: आधी हा लावायचा.