कार्टूनसुद्धा कोणी लिहितं?

“मावशी, कार्टूनसुद्धा कोणी लिहितं?” आज संध्याकाळी स्कूबी-डूचा भाग संपून नावे सरकू लागली, तेव्हा भाचीने हे विचारले आणि लहानपणापासून ती मालिका पाहूनही मला लेखकाचे एकही नाव सांगता आले नाही.

ती झोपल्यावर मी शोधले. जो रूबी आणि केन स्पिअर्स हे दोघे हॅना-बार्बेरा स्टुडिओत आधी ध्वनिसंकलनाचे काम करीत होते, तेथूनच ते लेखनाकडे वळले आणि १९६९ साली अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर त्यांचा तो भित्रा, खादाड कुत्रा अवतरला. भुताचा मुखवटा उतरवला की आत एखादा लबाड माणूसच निघायचा, ही गंमत मला आजही भुतापेक्षा अधिक आवडते. पुढे १९७७ मध्ये दोघांनी मिळून स्वतःची निर्मितिसंस्था काढली.

ऑगस्ट २०२० मध्ये रूबी गेले. तीन महिने उलटण्याआधीच स्पिअर्सही गेले. तेव्हा मी त्या बातम्या वाचल्याही नसाव्यात.

भाचीला सकाळी दोन्ही नावे सांगणार आहे. तुमच्या लहानपणच्या कार्टूनचा लेखक तुम्हाला आठवतो का?