लोणा की बुरशी? एका कागदासाठी अठरा दिवस

जुलैमध्ये कपाट पुढे ओढलं आणि मागच्या भिंतीवर हिरवट-काळ्या ठिपक्यांचा हातभर पट्टा दिसला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला आमचं भाड्याचं घर, पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नाही. त्याच खोलीत झोपणाऱ्या सासूबाईंचा खोकला महिनाभर हटत नव्हता. घरमालक काकांना बोलावलं. ते दारातूनच बघून म्हणाले, "अहो ताई, लोणा आहे तो. जुन्या भिंतीला धरतोच. दिवाळीला रंग काढू." लोणा म्हणजे भिंतीतला क्षार. मला वाटलं, प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर 'बुरशी' असं छापून आलं की विषय संपेल.

त्या कागदाला अठरा दिवस लागले. आजही आठवलं की चीड येते.

पहिल्या खेपेला एका खासगी प्रयोगशाळेत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आम्ही पाणी आणि खाण्याचे पदार्थ तपासतो, भिंत नाही. मॅडमना विचारा, त्या सोमवारी येतील." सोमवारी चमच्याने खरवडलेला गिलावा प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन गेले. मॅडमनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. निर्जंतुक नळीतला कापसाचा बोळा लागतो म्हणाल्या. हे पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं? नळी तिथेच विकत घेतली, घरी येऊन बोळा भिंतीवर फिरवला, पुन्हा रिक्षा करून गेले. मग फॉर्म आला. 'नमुन्याचा प्रकार' या रकान्यात भिंत कुठेच नव्हती, म्हणून अर्धा तास बाकावर. शेवटी 'इतर'वर खूण झाली. बुरशी वाढवून बघायला पाच ते सात दिवस लागतात, ते मला मान्य आहे. पण नवव्या दिवशी गेले तर "रिपोर्ट तयार आहे, सही राहिलीय," आणि दोन दिवसांनी गेले तरी तेच.

हातात आला तेव्हा त्यावर एवढंच होतं: बुरशीची वाढ आढळली, ॲस्परजिलस आणि क्लॅडोस्पोरियम. सासूबाईंच्या डॉक्टरांना दाखवला. ते म्हणाले, या दोन्ही बाहेरच्या हवेतही असतात, आणि घरात किती म्हणजे धोका याची सर्वमान्य मर्यादाच नाही. डोळ्याला दिसतेय, नाकाला कळतेय, तर जात कुठलीही असो, काढायची आणि ओल थांबवायची. "खोकल्यासाठी तपासायचं तर माणसाला तपासू, भिंतीला नको." सासूबाईंची ॲलर्जीची रक्ततपासणी त्याच दिवशी झाली.

लोणा असल्याचा काकांचा मुद्दा तर घरीच निकालात निघाला असता. लोणा पांढरा, खरखरीत असतो, बोटात चुरला की पीठ होतं आणि पाण्याच्या थेंबात विरघळतो. आमचे ठिपके पाण्याने फक्त पसरले, बोट काळं झालं. पातळ केलेल्या ब्लीचचा थेंब टाकल्यावर दोन मिनिटांत डाग फिका पडला. नुसता मळ असता तर काळाच राहिला असता. ब्लीच वापरताना खिडकी उघडी ठेवा आणि त्यात संडास धुवायचं ॲसिड मुळीच मिसळू नका, विषारी वायू होतो. आणि कोरडं खरवडू नका. मी मास्क न लावता खरवडलं होतं, दुसऱ्या दिवशी घसा धरला.

ओल कुठून येते ते कळलं प्लास्टिकच्या तुकड्याने. वीतभर जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावलं आणि दोन दिवस ठेवलं. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा, भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतूनच येतंय. आमच्याकडे भिंतीच्या बाजूला थेंब ओघळत होते. काकांना हात धरून आणलं. त्यांनी प्लास्टिकवर बोट फिरवलं, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग स्वतः जिना चढून गच्चीवर गेले. पावसाचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपचा जोड निखळला होता, सगळं पाणी भिंतीत मुरत होतं. रिपोर्टचा कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचला नाही.

जोड दुसऱ्या दिवशी बसला. गिलावा मात्र भिंत पूर्ण वाळल्यावर, ऑक्टोबरमध्येच करू दिला. ओल्या भिंतीवर रंग दिला असता तर बुरशी त्यातूनच वर आली असती. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्रही आणलंय. काटा साठ टक्क्यांच्या वर गेला की पंखा चालू. कपाट अजून भिंतीपासून वीतभर लांबच आहे.