शांत झोपलेला पेशंट

रिकव्हरीत, म्हणजे ऑपरेशननंतर भूल उतरेपर्यंत पेशंट ठेवतात त्या खोलीत, नवीन ड्युटी लागलेल्या नर्स मुलींना धास्ती असते ती आरडाओरडा करणाऱ्या पेशंटची. कोणी मास्क ओढून फेकतो, कोणी एक पाय बेडखाली टाकून उतरायला बघतो, कोणी "माझं ऑपरेशन कधी करणार" म्हणून विचारत राहतो आणि झालं हो काका म्हटलं तरी मिनिटाभराने परत तेच. सगळ्या तिकडे धावतात आणि कडेच्या बेडवर एक जण मस्त घोरत पडलेला असतो त्याच्याकडे बघायला कोणी नाही. मी आधी त्याच्याकडे जाते.

जो ओरडतोय त्याचा श्वास तरी चालू आहे, ओरडायला हवा लागते. म्हणजे त्याला सोडून द्यायचं असं नाही हां, खवळलेल्या पेशंटला कधी ऑक्सिजन कमी पडत असतो, कधी टाके दुखत असतात, आणि कित्येकदा नुसती लघवी तुंबलेली असते पण भुलीच्या धुंदीत सांगता येत नाही. बेंबीखाली हात ठेवला की फुगलेलं लागतं, कॅथेटर (लघवीची नळी) टाकला की तोच माणूस "थँक्यू सिस्टर" म्हणतो.

पण घोरणं. नातेवाईकांना वाटतं दमला बिचारा, झोपू दे. भुलीच्या औषधांनी घशातले स्नायू सैल पडलेले असतात, त्यात उताणा झोपवला की जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट अर्धी बंद, तो आवाज त्याचा असतो. हनुवटी वर करायची, कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यामागे बोटं घालून जबडा पुढे ढकलायचा, बहुतेक वेळा घोरणं तिथेच थांबतं. खरी भीती कधी, तर आवाज आपोआप बंद होतो पण छाती आत जातेय आणि पोट वर येतंय तेव्हा. वाट पूर्ण बंद झालीय आणि माणूस नुसती धडपड करतोय. लांबून बघणाऱ्याला तो श्वास घेतोय असंच वाटतं, म्हणून मी तोंडाजवळ तळहात धरते, हवा हाताला लागली पाहिजे.

मॉनिटर आहे ना मग, असं विचारतात. आहे की, पण सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती टक्के आहे त्याचा, आकडा लबाड असतो. मास्कमधून ऑक्सिजन चालू असताना पेशंट मिनिटाला ७-८ श्वास घेत असला तरी स्क्रीनवर ९८ दिसू शकतं, कारण ऑक्सिजन पुरतोय पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाहीये, तो साठत जातो आणि पेशंट अजून गुंगत जातो. मोठ्या माणसाचे श्वास साधारण १२ ते २० हवेत, आणि ते घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजायचे. चार्टवर ओळीने सगळ्यांचे १८ दिसले की मला कळतं कोणी मोजलेले नाहीत.

मॉर्फिन, फेंटानिल अशी दुखण्यावरची जोरदार औषधं मिळालेल्यांची अजून एक गंमत आहे (गंमत कसली). दुखणं माणसाला जागं ठेवतं. ट्रॉली हलवली, बीपीचा पट्टा आवळला, कोणी हाक मारली, की तो श्वास घेतो. मग ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) चढतो, दुखणं थांबतं, दिवे मंद होतात, सगळे बाजूला होतात, आणि तेच औषध जे दुखण्याशी झुंजत होतं ते आता मोकळं सुटतं. उतारा म्हणून नॅलॉक्सोन देतात पण त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटं, मॉर्फिनचा त्याहून जास्त, म्हणजे जागा झालेला पेशंट परत गुंगू शकतो. उताऱ्यानंतर "आता बरा आहे, वॉर्डला पाठवा" म्हटलं की मी सरळ नाही म्हणते.

वॉर्डला पाठवताना स्कोअर भरतो आम्ही. ऑल्ड्रेट नावाच्या भूलतज्ज्ञाने १९७० मध्ये काढलेला, हातपाय हलवणं, श्वास, बीपी, शुद्ध आणि त्वचेचा रंग, प्रत्येकाला ०, १ किंवा २, एकूण १० पैकी ९ आले की जायला हरकत नाही. १९९५ मध्ये रंगाच्या जागी सॅच्युरेशन आलं. स्कोअर चांगलाच आहे, पण हाक मारून, हात उचलायला लावून मिळवलेले ९ आणि कोणी हात न लावता मिळालेले ९ यात फरक आहे. म्हणून स्कोअर भरून झाला की मी जरा बाजूला होते आणि काहीही न करता लांबूनच श्वास मोजते. ऑपरेशन थिएटरमधून पुढच्या केससाठी बेड मागायला फोन येतच असतात, येऊ देत.

रक्तस्रावही असाच गुपचूप. तरुण धडधाकट माणसाचं ३० टक्क्यांपर्यंत रक्त गेलं तरी बीपी टिकून राहू शकतं, नाडी मात्र आधीच पळायला लागते, हातपाय गार पडतात. ड्रेनची (जखमेतलं रक्त बाहेर काढणाऱ्या नळीची) बाटली रिकामी दिसली म्हणून खूश व्हायचं नाही, नळीत गुठळी अडकलेली असू शकते. ड्रेसिंगही वरून कोरडं दिसतं आणि रक्त ओघळून पाठीखाली साठतं, म्हणून चादरीखाली हात घालून बघायचाच, ग्लोव्हज घालून अर्थात.

नातेवाईकांसाठी एकच. काही पेशंटना दुखण्यासाठी बटण असलेला पंप लावतात, बटण दाबलं की औषधाचा ठरलेला डोस जातो. ते बटण पेशंटनेच दाबायचं. तो झोपेत कण्हतोय म्हणून तुम्ही मायेने दाबू नका, कारण गुंगी जास्त झाली की त्याच्याकडून बटण दाबलंच जात नाही आणि पुढचा डोस जात नाही, पंपाची सगळी सुरक्षितता त्याच्यावरच आहे. दुखतंय असं वाटलं तर आम्हाला हाक मारा. आणि जोरात घोरतोय, हलवलं तरी नीट उठत नाहीये असं झालं तर दोनदा हाक मारा.