काकीचा अंगठा

सोमवार, रात्री साडेनऊ

साडेसातला दिवे गेले ते अजून आलेले नाहीत. मेणबत्तीवर लिहितोय, त्यामुळे उद्या हे अक्षर मला तरी लागेल का, शंकाच आहे. गंमत म्हणजे अंजनवेलचा वीजप्रकल्प आमच्याच गुहागर तालुक्यात. तोच तो, एन्रॉनचा. १९९५ च्या निवडणुकीत त्याला अरबी समुद्रात बुडवायला निघाले होते. १९९९ ला वीज सुरू झाली, २००१ ला प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत कंपनीच बुडाली. पुढे तो दुसऱ्या नावानं पुन्हा उभा राहिला. एवढं महाभारत झालं, तरी आषाढात तारेवर एक फांदी पडली की आमच्या वाडीत काळोख. असो. आज वीज नव्हे, काकीचा अंगठा लिहायचा आहे.

काकी म्हणजे शेजारच्या घरातली, नात्यानं लांबची, हक्कानं जवळची. पंच्याहत्तरी कधीच ओलांडलेली. रेशनकार्डाची केवायसी, म्हणजे ओळखीची तपासणी, करायला तिला दुकानात बोलावलं होतं. तिनं आधी उजवा अंगठा लावला, मग डावा, मग एकेक करून दहाही बोटं. मशीन दर वेळी तेच सांगत होतं, ठसा जुळत नाही. दुकानदारानं बोटं पुसायला फडकं दिलं, डोक्याला चोळून बघ म्हणाला, म्हणजे तेल लागेल. शेवटी मशीनवर एक टपलीही मारून झाली.

ठसा येणार कुठून? या बाईनं गेली चाळीस-पन्नास वर्षं चैत्र-वैशाखात ओले काजूगर काढलेत. बी उभी चिरायची आणि गर अख्खा सोडवायचा. गर तुटला तर शेकड्यात धरत नाहीत. सालीतला चीक हाताला लागला की कातडी भाजते, काळी पडते आणि चार दिवसांनी पापुद्रे निघतात. राख फासली, तेल लावलं, तरी व्हायचं ते होतंच. आज मेणबत्तीच्या उजेडात तिचा अंगठा नीट पाहिला. नदीतला गोटा असावा तसा गुळगुळीत. रेघ म्हणून नाही.

यातलं खरं दुखणं वेगळंच आहे. १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, आणि त्याची लाट पुढे आमच्या वाडीपर्यंतही पोचली. मी तेव्हा शाळकरी. शाळेच्या ओट्यावर कंदील लावून रात्री बायकांचे वर्ग भरायचे. दिवसभर लावणी करून आलेली काकी पाटीवर नाव गिरवत बसायची. तोवर काका तिला चारचौघांत ‘अंगठाबहाद्दर’ म्हणायचे. ज्या दिवशी तिनं बँकेत सही केली, त्या दिवशी घरी नारळ फोडला होता. म्हणजे आधी सरकारनं कंदील पुरवून तिला अंगठा सोडायला लावला, आणि आता तेच सरकार म्हणतंय, बाई, सही नको, अंगठा आण.

मी जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांतला नाही. वहीच्या काळात काय चालायचं ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे. मेलेली माणसंसुद्धा दरमहा साखर उचलायची, आणि रॉकेल आलं कधी नि संपलं कधी याचा पत्ता नसायचा. मशीननं त्याला चाप बसला हे कबूल. निसर्ग वादळाच्या आधी, २०२० च्या जूनमध्ये, मोबाईलवर इशारे येत होते म्हणून माणसं वेळेवर हलली. आमची कोळीणसुद्धा हल्ली पाटीत क्यूआरचं फळकूट ठेवते. पैसे आले की सांगणारा तिचा तो बोलका डबा हिंदीत बोलायचा एवढंच. तो बोलला की ती मलाच विचारायची, ‘काय बोललान रे?’ गेल्या वर्षी, २०२५ ला, पहिलीपासूनच्या हिंदीवरून केवढं रान पेटलं! एप्रिलचा जीआर जूनअखेर मागे घ्यावा लागला. पण तो डबा कोणी मराठी केला नाही. त्यासाठी मोर्चा लागत नाही, सेटिंग बदलावं लागतं. परवा मीच ते बदलून दिलं.

तर केवायसी. ठसा जुळत नसेल तर मोबाईलवर चेहरा दाखवून करता येते. वाडीत त्यातल्या त्यात मोबाईल कळणारा मी, म्हणून काकी माझ्याकडे आली. घरात रेंज नाही. रेंज मिळते ती सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, पाण्याच्या टाकीपाशी. पाऊस कोसळत होता, सड्यावर वारा असा की छत्री दोनदा उलटी झाली. काकी डोक्यावर प्लास्टिक घेऊन कातळावर बसली. आधार क्रमांक टाकला, आणि ओटीपी गेला मुंबईला! कार्डाला नंबर जोडलेला मुलाचा. त्याला फोन केला, उचलला नाही. पुन्हा ओटीपी मागवला. मुलगा लोकलमध्ये असेल म्हणून थांबलो, तोवर त्या ओटीपीची वेळ संपली. असं चार वेळा झालं. शेवटी फोन लागला तर म्हणतो, ‘मेसेजात लिवलंय, कोणाला सांगू नका. म्हणून नाय सांगितला.’ त्याला दोष कसा देऊ? मध्यंतरी फोन केला की आधी तीच टेप वाजायची, सावध राहा, कुणाला काही सांगू नका. तो सावध राहिला. आईपासून.

एकदाचा ओटीपी मिळाला आणि कॅमेरा उघडला. पापण्या मिटा-उघडा अशी सूचना आली. मी म्हटलं, ‘काकी, डोळे मिट.’ तिनं मिटले आणि हात जोडले. देवासमोर मिटतात तसे. ‘उघड’ म्हणेपर्यंत तिचं काहीतरी मागणं चाललं होतं. तीनदा असं झालं, चौथ्यांदा हिरवी खूण आली. काकीनं प्लास्टिक सारखं केलं आणि विचारलं, ‘झाला? आता सही खंय करू?’ सही नाही म्हटल्यावर तिचा चेहरा पडला.

खरं तर पाच किलो धान्याचं तिला एवढं नाही. घरचा भात आहे. माणशी पाच किलो २०२३ पासून फुकट मिळतं, ते ती कोंबड्यांना आणि आल्यागेल्याला घालते. पण कार्डावरून नाव उडालं तर? दवाखान्याच्या योजनेलाही तेच कार्ड दाखवावं लागतं. आणि नाव उडणं म्हणजे तिच्या लेखी दुसरंच काही. काका गेले तेव्हा त्यांचं नाव उडवलं होतं.

दुकानदार काकीला चाळीस वर्षं ओळखतो. तिच्या लग्नात त्याचा बाप वाढायला होता. पण ‘ही तीच बाई’ एवढं सांगायचा अधिकार त्याला नाही. पूर्वी जिल्हा परिषदेचा सदस्य तरी गाठून त्याच्यावर ओरडता यायचं. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच. प्रशासकावर ओरडायला रत्नागिरीला जावं लागायचं. बॅनर मात्र तेव्हाही नाक्यावर तेवढेच लागायचे. एकदा एकाच रस्त्याच्या दोन खड्ड्यांपाशी, एकाच कामासाठी, दोन पक्षांनी अभिनंदन लावलेलं मी स्वतः वाचलंय.

शुक्रवार

काकी आज धान्य आणायला गेली होती. केवायसी झालेली मशीनवर दिसली. दुकानदार म्हणाला, ‘आता अंगठा लाव.’

केवायसी वेगळी, दरमहाचं धान्य उचलणं वेगळं. ते मला माहीत असायला हवं होतं. त्यानं सगळी बोटं पुन्हा लावून बघितली, मग म्हणाला, पुढच्या आठवड्यात ये, डोळ्याचं मशीन येतंय. काकी काही न बोलता रिकामी पिशवी घेऊन परत आली.

आत्ता ओटीवर बसलीये. कोकमतेलाचा गोळा तळहातावर विरघळवतेय आणि दोन्ही अंगठ्यांना चोळतेय. टाचांच्या भेगा बुजतात याने, म्हणाली, मग अंगठ्याला का नाय उगवणार. आठवडाभर काजूला हात लावायचा नाही असं ठरवलंय तिनं. नाहीतरी हंगाम संपलाच आहे.