डब्यात कानातलं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. "त्या डब्यात काय असतं गं?" हे मला ठाण्याच्या नऊ-दहा नंबर फलाटावर विचारून झालंय, ट्रेनमध्ये विचारून झालंय, ऑफिसच्या कँटीनमध्ये झालंय, आणि मे महिन्यात मावसबहिणीच्या साखरपुड्याला तिच्या होणाऱ्या सासूबाईंनीही विचारलं, तेव्हा म्हटलं आता एकदा सगळं लिहूनच टाकावं.

"कानातलं आहे," असं मी सांगते. लेडीज डब्यात हे उत्तर दिलं की आजूबाजूच्या माना वळतात, कारण एवढ्या मोठ्या डब्यात म्हणजे सोन्याचंच असणार. मग मी लॉक उघडून दाखवते आणि आत निघतात वायरी. "अगंबाई, हेडफोन!" आणि पुढचा प्रश्न ठरलेला, "मिस्टरांचे का?" माझे आहेत. मिस्टर नाहीत.

दुसरे विचारणारे म्हणजे ज्यांना माझ्यासारखाच हेडफोनचा किडा आहे ते. ते डबा बघून विचारत नाहीत, ते विचारतात "इअरफोन ठेवायला केस कुठली घेऊ?" आणि मी जांभळी नाक्यावरून १८० रुपयांचा चार लॉकचा प्लास्टिकचा डबा आण असं सांगितलं की त्यांना वाटतं मी टाळतेय, किंवा काहीतरी भारी माहिती स्वतःपाशी ठेवतेय. पस्तीस हजाराचा ऐवज आणि जेवणाच्या डब्यात? हो. त्यामागे जे झालंय ते मी कधी कुणाला धड सांगितलेलं नाही, म्हणून हे लांबण.

आधी बाकीच्या केसेसचं उरकते. पहिली होती मखमलीची थैली, इअरफोनबरोबर फुकट आलेली, सोनार देतात तसली. तिला केस म्हणणं म्हणजे झबल्याला चिलखत म्हणण्यासारखं आहे. दुसरी पीयू लेदरची, म्हणजे नकली चामड्याची, दिसायला इतकी सुंदर की मी ती टेबलावर मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशी ठेवायचे, दोन पावसाळ्यांत तिची सालं निघायला लागली आणि तो काळा चुरा इअरफोनच्या जाळीवर जाऊन बसला. मला वाटलं स्वस्तातली घेतली म्हणून झालं असेल, नंतर कळलं की पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, तो गुणच आहे, हवेतली ओल त्याला आतून तोडत जाते, तुम्ही वापरा नाहीतर कपाटात जपून ठेवा. जुन्या हेडफोनच्या गाद्या हात लावला की गळतात ना, पुष्कळदा तेच असतं. आमच्या नौपाड्याच्या घरात जूनपासून कपाटातल्या कपड्यांना वास धरतो, तिथे पीयू लेदर काय टिकणार.

तिसरी ईव्हीएची, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकची. अर्धवट कडक, काळी, चेनवाली, आत जाळीचा कप्पा, सगळ्यांकडे असते तीच. हिच्यासाठी मी लोकांशी भांडलेय. तीन जणांना घ्यायला लावली. वर छापलेलं होतं की पाणी लागत नाही, आणि खरंच, मी नळाखाली धरून बघितली तर पाणी वरून घसरून गेलं. २०२३ सालची मी तुम्हाला भेटले असते तर मी तुम्हाला हीच केस घ्या म्हणून अर्धा तास बोलले असते, आणि तुम्ही "पण चेनमधून?" असं विचारलं असतं तर मी तोंड वाकडं करून म्हटलं असतं, "बॅगेत काय पूर येणारे का?"

तर जुलै २०२३, शुक्रवार. पाऊस असा की छत्री नुसती नावाला. तेव्हा दिघा गाव स्टेशन सुरू झालेलं नव्हतं, ठाणं सोडलं की थेट ऐरोली. मी घणसोलीला उतरते. सॅक ओली नको म्हणून वर फळीवर टाकली, आणि टाकताना आडवी टाकली, हे लक्षात ठेवा. तिच्यावर कुणीतरी आणखी एक बॅग टाकली, मग कुणीतरी आपली पर्स. माझ्या सॅकेत आईने दिलेला डबा, आणि त्याच्या शेजारी ईव्हीएची केस, तिच्यात गाणी वाजवायचा प्लेअर, आयईएम (कानाच्या आत बसणारे भारीतले इअरफोन), ते फोनला जोडायचं डोंगल, आणि टिप्सची, म्हणजे इअरफोनच्या तोंडावर बसवायच्या रबरी टोकांची, डबी. हो, नोकरी करणाऱ्या एकतीस वर्षांच्या मुलीला तेव्हा आई डबा द्यायची, अजूनही देते, त्यावर वेगळं लिहायची माझी इच्छा नाही.

ऐरोली गेल्यावर वास आला. गोड्या मसाल्याचा, चिंचगुळाचा, एकदम घरचा. मी मनातल्या मनात नाक मुरडलं, की कोण बाई आहे ही, डबा नीट बंद करून आणता येत नाही. रबाळ्याला समोरच्या सीटवरच्या एका बाईंच्या पांढऱ्या ओढणीवर पिवळा थेंब पडला. त्यांनी वर बघितलं. सगळ्यांनी वर बघितलं. मी पण बघितलं, आणि ती माझी सॅक होती.

त्या बाईंची माफी मागायचं राहून गेलं, मला फक्त केस दिसत होती. घणसोलीला फलाटावरच्या बाकावर बसून चेन उघडली तर आत आमटी होती. थोडीफार लागलेली वगैरे नाही, तळाला साठलेली. केसचं कवच खरंच पाणी आत घेत नाही, त्यामुळे चेनीतून एकदा जे आत गेलं ते बाहेरही येत नव्हतं, प्लेअर त्यात वाटीतल्या वड्यासारखा पडला होता.

साध्या पाण्याने कदाचित निभावलं असतं. आमटीत मीठ, चिंच, तेल. खारट पाण्यातून वीज कशी वाहते ते शाळेत शिकलोय सगळे, आणि मी प्लेअर बंद केलेला नव्हता, पॉजवर होता. टाइप सीच्या खाचेतले बारीक पत्रे संध्याकाळपर्यंत हिरवट पडले. आयईएमच्या तोंडावरच्या जाळीत तुरीची डाळ बसली होती, टाचणीने काढली. आतले बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे इवलेसे भाग, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे असतात, त्यांना ओलच सोसत नाही, तिथे आमटी. डावा कान त्या दिवशी गेला तो गेलाच. ऑफिसात एक जण म्हणाला तांदळात ठेव. आमटीत बुडालेलं तांदळात ठेवायचं म्हणजे जेवणच झालं की.

पण मी सांगणार होते ते फोनचं. त्या बाकावरूनच मी आईला फोन लावला. आजूबाजूला माणसं होती, मला पर्वा नव्हती. झाकण लावताना लक्ष कुठं असतं तुझं, एवढं एक काम धड होत नाही का, माझे पस्तीस हजार गेले तुझ्या आमटीत, असं बरंच काही. तिला पस्तीस हजार हा आकडा तेव्हाच पहिल्यांदा कळला, मी घरी चार हजार सांगितलं होतं. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मग आता तू जेवशील काय?"

मी फोन ठेवला.

आता इथे लोक मला म्हणतात की रागाच्या भरात होतं, आईला कळतं. कळतच असेल. पण एक गोष्ट आहे. सकाळी निघताना मी ओट्यावरचा डबा उघडला होता. आमटीत शेवग्याच्या शेंगा आहेत का ते बघायला, कारण ऑफिसात सगळ्यांसमोर शेंगा चोखत बसायचं मला आवडत नाही. शेंगा होत्या. मी दोन काढून तिथेच खाल्ल्या आणि झाकण लावलं. उघडलं मी होतं हे नक्की. परत नीट दाबून लावलं का, ते आठवत नाही, त्या दिवसापासून आठवायचा प्रयत्न करतेय. कधी वाटतं खटका ऐकल्याचं आठवतंय, कधी वाटतं तो मी नंतर मनाने घातलाय. आणि समजा लावलं असेल, तरी सॅक आडवी कुणी टाकली? स्टीलच्या डब्याचं झाकण उभ्या डब्यासाठी असतं, हे मला काय माहीत नव्हतं? यातलं आईला काहीच सांगितलेलं नाही.

घरी गेले तर ती काही बोलली नाही. केस, टिप्स सगळं मी सिंकशेजारी टाकून झोपले. सिलिकॉनच्या टिप्स हळदीने पिवळ्याजर्द झालेल्या, साबणाने निघत नव्हत्या, मी नवीन मागवणार होते. तीन-चार दिवसांनी थोडं ऊन पडलं, तेव्हा बघितलं की खिडकीच्या ग्रिलमध्ये एका वाटीत माझ्या सहा टिप्स वाळत ठेवलेल्या. हळदीचा डाग उन्हात उडतो, ते तिला माहीत, मला नाही. रविवारपर्यंत टिप्स जवळजवळ पहिल्यासारख्या झाल्या आणि ती वाटी माझ्या टेबलावर आली, गुपचूप. आणि त्यानंतर डब्यात रोज सुकी भाजी. भेंडी, बटाटा, फरसबी, कोबी. आमटी नाही, उसळीला रस नाही, कढी तर विचारूच नका. घरी करते, वाढते, डब्यात देत नाही.

तर तो लॉकवाला डबा. तुम्हाला वाटेल आता ही अपराधीपणाने वगैरे. मुळीच नाही, तो मी अगदी हिशेबाने घेतला. मला कळलं होतं की केस निवडताना मी प्लेअरकडे बघत होते, प्लेअरला शोभेल असं काहीतरी, आणि बघायला हवं होतं सॅकेकडे. तिच्यात काय काय असतं? ओली छत्री, पाण्याची बाटली, डबा, आणि वरून दुसऱ्यांच्या बॅगा. पडून फुटण्याची भीती मला सगळ्यात जास्त होती, आणि आजवर माझं एकही यंत्र पडून फुटलेलं नाही. दबून एकदा बिघडलंय, भिजून एकदा.

पेलिकन कंपनीच्या छोट्या केसेस बघितल्या होत्या, पॉलिकार्बोनेटच्या, आयपी ६७ वाल्या, म्हणजे धूळ अजिबात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास. हवेचा दाब सारखा करायला छोटा व्हॉल्व्हसुद्धा असतो. उत्तम वस्तू आहे, पैसे असतील तर घ्या, मी नाही म्हणत नाही. पण मी रोज घणसोलीला जाते, समुद्रात नाही. डबा आणल्यावर आत टिश्यू पेपर ठेवला, लॉक लावले, बादलीत बुडवला, तरंगू नये म्हणून वर वरवंटा ठेवला आणि रात्रभर सोडून दिला. सकाळी कागद कोरडा. मग डबा पुसून जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर उभी राहिले. माझं वजन सांगत नाही, पण डबा टिकला.

आत मिक्सरच्या खोक्यातला पांढरा फोम कापून बसवलाय, तो पॉलिथिलीनचा असतो, पीयूसारखा चुरा होत नाही. वायर प्लेअरभोवती गुंडाळायची नाही, हे मी ओरडून सांगते तरी सगळे गुंडाळतात. पिनच्या मानेशी तिला रोज मोड पडतो, मग एक दिवस एका कानाला खरखर सुरू होते आणि दोष इअरफोन बनवणाऱ्याला. सैल वेटोळं करून वेगळ्या खणात ठेवा. टू-पिन वायर, म्हणजे दोन पिनांनी इअरफोनला लागणारी सुटी वायर, असेल तर त्या पिना ०.७८ मिलिमीटर जाडीच्या असतात, दाबाने वाकतात, म्हणून सारखी काढघाल नको. कोपऱ्यात सिलिका जेलची पुडी, नारिंगी मणीवाली, हिरवे झाले की समजायचं पोट भरलं. ते १२० डिग्रीच्या आसपास दोनेक तास तापवले की परत चालतात. आमच्याकडे ओव्हन नाही. मी एकदा तव्यावर टाकले तर आई म्हणाली, "माझ्या तव्यावर तुझी औषधं नकोत." औषधं!

आता या डब्याची गाऱ्हाणीही ऐका, मला भक्त व्हायचं नाहीये. एक, घट्ट बंद म्हणजे बाहेरची ओल आत नाही तशी आतली बाहेरही नाही, स्टेशनवरून चालत आल्यावर घामेजल्या टिप्स तशाच आत टाकल्या तर आपणच आत पावसाळा करतो. पुसा, टेबलावर अर्धा तास उघडं ठेवा. दोन, लॉक उघडताना असा खाडकन आवाज होतो की मीटिंगमध्ये सगळे बघतात. तीन, सॅकेत लॅपटॉप बसत नाही आता नीट.

आणि चौथं सांगू की नको असं वाटतंय. गर्दीत तो डबा काढायचा, चार लॉक उघडायचे, आतलं कुणाचा धक्का लागून पडू नये म्हणून छातीशी धरायचं, हे होत नाही हो. त्यामुळे ट्रेनमध्ये मी बहुतेक वेळा सहाशे रुपयांचे साधे वायरवाले इअरफोन लावते, जे कुर्त्याच्या खिशात गुंता होऊन पडलेले असतात, ज्यांना केस नाही, थैली नाही, काही नाही, आणि ते तीन वर्षं चालतायत. दुरुस्त न झालेल्या प्लेअरनंतर घेतलेला नवा प्लेअर डब्यात बसून ठाणे-घणसोली-ठाणे करतो. मग कशाला नेतेस, असं २०२३ मधली मी विचारेल. तिला काय सांगू. तिच्यामुळेच तर नेतेय.

हां, एक राहिलं. जांभळी नाक्यावर मी तेव्हा एकसारखे दोन डबे घेतले होते. दुसरा आईला दिला. बादलीतला प्रयोग पण दाखवला, कोरडा कागद हातात दिला, म्हटलं बघ, यात आमटी दिलीस तरी सांडणार नाही. "चांगलाय," म्हणाली, रबर बोटाने दाबून बघितलं. त्यात तिने मेतकूट भरून ठेवलंय.