सहावे वर्ष आणि अकरावे वर्ष

माझे दोन्ही भाचे नाशिकच्या सिडकोत एकाच खोलीत राहतात. थोरला सातपूरच्या एका कारखान्यात आहे, धाकटा अंबडच्या. दोघेही एकाच जूनमध्ये कामाला लागले. थोरल्याला सुरुवातीला महिना १८,००० रुपये आणि दरवर्षी ६०० रुपयांची वाढ, तर धाकट्याला १५,००० रुपये आणि दरवर्षी १,२०० रुपयांची वाढ, असे ठरलेले आहे. गेल्या रविवारी दोघे मिसळ खायला घरी आले आणि ‘मामा, शेवटी फायद्यात कोण?’ यावरून वाद पेटला. मी गणिताचा निवृत्त शिक्षक. त्यामुळे कॅलेंडरचे मागच्या महिन्याचे पान फाडून माझ्यापुढे पालथे ठेवण्यात आले.

क्षव्या वर्षी थोरल्याचा मासिक पगार १८,००० + ६००(क्ष − १) आणि धाकट्याचा १५,००० + १,२००(क्ष − १). दोन्ही समान मानले की ६००(क्ष − १) = ३,०००, म्हणजे क्ष = ६. ‘सहाव्या वर्षी बरोबरी, सातव्यापासून मी पुढे,’ असे म्हणून धाकट्याने आणखी एक पाव उचलला, आणि मीही मान डोलावली. आयुष्यभर मुलांना ‘प्रश्न पुन्हा वाचा’ असे बजावणाऱ्या माणसाने ती मान डोलवायला नको होती.

थोरला तेवढ्यात शांतपणे म्हणाला, ‘पण मामा, आधीची पाच वर्षं मी जास्त घेतले, त्याचं काय?’

खरा प्रश्न हाच होता. पगाराची बरोबरी वेगळी आणि कमाईची बरोबरी वेगळी. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त श्रेढीच्या पहिल्या पदाला मुख, ठरावीक वाढीला चय आणि साऱ्या पदांच्या बेरजेला सर्वधन म्हटले आहे, त्या भाषेत सांगायचे तर थोरल्याचे मुख मोठे आणि धाकट्याचा चय मोठा, आणि आम्ही सर्वधन न काढताच निकाल देऊन बसलो होतो. बारा महिन्यांचा गुणक दोन्हीकडे सारखाच असल्याने तो बाजूला ठेवून, तर्रीचे दोन थेंब चुकवत, मी नवे समीकरण मांडले:

१८,०००क्ष + ३००क्ष(क्ष − १) = १५,०००क्ष + ६००क्ष(क्ष − १)

क्ष शून्य नसल्याने त्याने भागता येते; मग ३,००० = ३००(क्ष − १), म्हणजे क्ष = ११. अकरावे वर्ष संपताना दोघांचीही एकूण कमाई २७,७२,००० रुपये भरते.

हे इतके लांबते का, ते फरकांची यादी पाहिली की लगेच कळते. पहिल्या पाच वर्षांत थोरला दरमहा ३,०००, २,४००, १,८००, १,२०० आणि ६०० रुपयांनी पुढे असतो. म्हणजे पाच वर्षांत १,०८,००० रुपये. सहाव्या वर्षी फरक शून्य. त्यानंतर हीच आकड्यांची शिडी धाकट्याला उलट्या क्रमाने चढावी लागते, आणि तीही पाचच वर्षे घेते. सुरुवातीच्या फरकाला वाढीतील फरकाने भागून एक मिळवला की पगार जुळण्याचे वर्ष मिळते. तोच भागाकार दुप्पट करून एक मिळवला की कमाई जुळण्याचे.

अर्थात कॅलेंडरच्या पानावर वाढ अकरा वर्षे न चुकता मिळते. कारखान्यांतले पगारवाढीचे करार बहुधा तीन-चार वर्षांचे असतात आणि पुढच्या करारात चय बदलला की सरळ रेषेला तिथेच कोन पडतो, हे मी दोघांनाही सांगितले. शिवाय थोरल्याने आधी हाती आलेली जास्तीची रक्कम बँकेत ठेवली, तर व्याजामुळे धाकट्याचे अकरावे वर्षही पुढे सरकते.

धाकट्याने पान स्वतःकडे ओढून १,०८,००० या आकड्याभोवती गोल केला आणि म्हणाला, ‘म्हणजे एक मोटरसायकल.’ थोरला म्हणाला, ‘घेतली की. रोज अंबडला कोण नेतं ती?’