बडोद्याचा मोत्यांचा हार, निम्म्या मापात : पहिला पदर झाला

पहिला पदर काल रात्री पूर्ण झाला. चौतीस मोती, प्रत्येक दोन मोत्यांत एक गाठ. दोनदा उसवला, तिसऱ्यांदा मनासारखा आला.

मूळ हार बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांचा (कारकीर्द १८५६ ते १८७०), सातपदरी. त्यातून निवडलेल्या ६८ मोत्यांचा दुपदरी हार २००७ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरला गेला. सगळ्यात लहान मोती ९.४७ मिलिमीटरचा, सगळ्यात मोठा १६.०४चा, आणि सगळे नैसर्गिक. मी तोच दुपदरी हार गोड्या पाण्यातल्या संवर्धित मोत्यांत गाठवते आहे. निम्मं माप घेतलं, कारण सोळा मिलिमीटरचा मोती मला परवडत नाही. साडेचार ते आठच्या माळा मात्र भुलेश्वरला सहज मिळतात.

मोठे मोती मधे आणि टोकांकडे लहान होत जाणारे. दोन्ही पदर सारखे धरले तर मधल्या जोडीपासून टोकापर्यंत मापाच्या सोळा पायऱ्या होतात. निम्म्या मापात एक पायरी फक्त ०.२ मिलिमीटरची. म्हणून तयार एकसारख्या माळा घेऊन भागत नाही, मोती सुटे करून एकेक मोजावा लागतो. चारशेहून जास्त मोती व्हर्नियर कॅलिपरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या पट्टीवर मोजले. जुने मुंबईचे मोतीवाले पितळी चाळण्यांचा उतरता संच वापरायचे, एकीतून पडला तो पुढच्या चाळणीत. माझे तीन रविवार मोजण्यातच गेले.

पण मापाने रडवलं नाही, रंगाने रडवलं. पहिल्या खेपेला सगळी जुळणी रात्री ट्यूबलाइटखाली केली. सगळे मोती एकसारखे पांढरे. सकाळी खिडकीशी पदर धरला तर डावी बाजू गुलाबी, उजवी सायीसारखी पिवळसर, आणि मधोमध एक मोती चक्क करडा. उसवला. जांभळी नाक्याजवळच्या पटवेकरीकाकांना (दागिने गाठवून देतात) दाखवला, तर ते एवढंच म्हणाले, "ताई, आधी मोती झोपवून बघा. मग दोरा ओवा." झोपवून म्हणजे पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडून, सकाळच्या उजेडात, ऊन थेट पडू न देता. मी तीन सकाळी तेवढंच केलं. तिसऱ्या सकाळपर्यंत अकरा मोती बदलले होते.

दुसऱ्यांदा उसवला तो वेजामुळे, म्हणजे दोरा ओवायच्या भोकामुळे. दोन मोत्यांचं वेज इतकं बारीक की रेशीम आत घासून पिंजलं. नैसर्गिक मोत्याचं वेज तर मुद्दाम बारीक ठेवत, कारण वजन कमी झालं की किंमत पडते, आणि मोत्याची किंमत वजनाच्या वर्गाने चढते. आता रेशीम एका नंबराने बारीक घेतलं आहे आणि गाठ चिमट्याने मोत्याला टेकेपर्यंत सरकवते. गाठीमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत, आणि दोरा तुटला तरी एखाददुसराच मोती निसटतो.

हे करताना खंडेराव महाराजांबद्दल माझं कुतूहल वाढतच गेलं. मदिनेला अर्पण करण्यासाठी त्यांनी मोत्यांचा एक गालिचाही करवून घेतला होता. त्यात दहा लाखांहून जास्त बसरा मोती (आखातातले नैसर्गिक मोती) आहेत, बहुतेक अगदी बारीक. तो पोहोचण्याआधीच १८७०मध्ये महाराज गेले. २००९ साली दोह्याला तो गालिचा सुमारे ५५ लाख डॉलरला विकला गेला. म्हणजे चाळणीच्या अगदी वर राहिलेले मोती आणि अगदी तळाशी पडलेले, दोन्ही एकाच राजाने जमवले. तेव्हा आखाती मोत्यांची मोठी पेठ आपली मुंबईच होती. निवडणं, वेज पाडणं, गाठवणं सगळं इथे चालायचं. ठाण्याहून लोकलने तासाभरावर.

पुढे बडोद्याच्याच प्रतापसिंहराव महाराजांनी १९४३ साली सीतादेवींशी लग्न केलं. सीतादेवींबरोबर बडोद्याच्या खजिन्यातले पुष्कळ दागिने युरोपात गेले. सातपदरी हाराचा दुपदरी कसा झाला, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. पहिल्या पदरासाठी चौतीस काढून घेतल्यावर माझ्याच ताटलीतले उरलेले मोती मला निस्तेज दिसायला लागले. त्याच माळांतले होते, आदल्या दिवशीपर्यंत मला आवडत होते. महाराजांच्या हारातले ते पाच पदरांचे मोतीही कुणीतरी एके काळी असेच एकेक करून निवडले असणार.

दुसऱ्या पदराचे एकतीस मोती फडक्यावर झोपवले आहेत. तीन कमी आहेत : ६.४ची एक जोडी आणि ७.८चा एक, गुलाबी झाक असलेले. शनिवारी परत भुलेश्वरला जाणार, तेव्हा या वेळी दुकानातला मोती दारात, उजेडात नेऊन बघेन. कुणाकडे ७.८चा सुटा असेल तर मोजमाप आणि दिवसाच्या उजेडातला फोटो नक्की दाखवा. हार बंद करायचा पाठीमागचा फासा अजून ठरवलेला नाही, सध्या दोऱ्याची टोकं तशीच लांब सोडली आहेत.